टेपांच्या खोक्यातून निघालेला जॅझ : नवं-जुनं काय ऐकताय?

खरखर

अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन १९६७ साली गेला, चाळिसाव्या वर्षी. तरी २०१८ पासून त्याचे चार ‘नवे’ अल्बम माझ्या कानावर पडलेत. या मंचावर शास्त्रीयवर, गझलवर, जुन्या हिंदी गाण्यांवर ढीगभर धागे आहेत. जॅझवर शोधूनही धड काही सापडेना, म्हणून हा काढला. नवं, जुनं, काहीही टाका. फक्त नुसत्या नावांच्या याद्या नकोत. कुठलं रेकॉर्डिंग, कधीचं, त्यात कान कुठे द्यायचा, एवढं तरी लिहा.

सुरुवात मीच करतो.

‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’. ६ मार्च १९६३ला न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत कोल्ट्रेन, मॅकॉय टायनर (पियानो), जिमी गॅरिसन (बेस) आणि एल्विन जोन्स (ड्रम) यांनी वाजवलेलं. कंपनीने ते काढलंच नाही आणि पुढे मूळ टेपही हरवली. कोल्ट्रेन एक प्रत घरी घेऊन गेला होता, ती पहिली बायको नाइमा हिच्याकडे राहिली. तिच्या घरच्यांकडून ती पंचावन्न वर्षांनी बाहेर आली. त्यातल्या दोन रचनांना नावंसुद्धा नाहीत, नुसते नंबर आहेत, ११३८३ आणि ११३८६. दुसऱ्याच दिवशी, ७ मार्चला, हेच चौघे त्याच स्टुडिओत गायक जॉनी हार्टमनबरोबर बसले, आणि तिथे कोल्ट्रेन इतका सबुरीने वाजवतो की हाच का तो, असं वाटतं. दोन्ही लागोपाठ ऐका.

दुसरा, ‘इव्हनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट’. ऑगस्ट १९६१, न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबात कोल्ट्रेन, सोबत सॅक्स-बासरीवाला एरिक डॉल्फी. रिच अल्डरसन या इंजिनियरला क्लबमधली नवी ध्वनियंत्रणा तपासायची होती, म्हणून त्याने एकच मायक्रोफोन वर लावून टेप चालू केली. ती न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात पडून होती आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झाली. एकच माइक असल्याने एल्विनचे ड्रम अंगावर येतात आणि पियानो मागे राहतो. मला तर हेच आवडलं. ‘आफ्रिका’ ही रचना स्टुडिओबाहेर वाजवलेली आजवर फक्त इथेच ऐकायला मिळते.

आता तुम्ही बोला.

उगाचच

पहिला प्रतिसाद माझा. चहा घेऊन बसलोय.

मंद्रसप्तक

धाग्याबद्दल आभार, वाचनखूण साठवली. पण आमच्यासारख्यांचं काय? मी जन्मभर ख्याल ऐकत आलो. खाजगी मैफलींच्या टेपा एकमेकांना देण्याघेण्यातच आमची तरुणपणीची निम्मी मैत्री झाली, तेव्हा ‘खोक्यातून निघालेली टेप’ हे प्रकरण बरोब्बर कळतं. मल्लिकार्जुन मन्सूरअण्णांची एखादी घरगुती बैठक कुणाकडे निघाली की आम्ही पावसापाण्यात जायचो.

अडतं ते असं. जॅझ लावला की मला सम सापडत नाही. सगळे एकदम वाजवतात, मधेच टाळ्या पडतात आणि मी हरवतो. कुठून पकडायचं?

खरखर

मंद्रसप्तककाका, ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं पहिलं, ‘सो व्हॉट’ घ्या. ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, १९५९. सुरुवातीला पियानो आणि बेस नुसते चाचपडल्यासारखे वाजतात, ते सोडून द्या. मग पॉल चेंबर्स बेसवर एक ओळ म्हणतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. तिथून मोजायला लागा. एक आवर्तन ३२ बारांचं, प्रत्येक बारात चार मात्रा. १६ बार एक स्वरमालिका, पुढचे ८ बार तीच मालिका अर्ध्या सुराने वर, शेवटचे ८ पुन्हा मूळ जागी. एवढंच. ही आवर्तनं शेवटपर्यंत तशीच फिरत राहतात आणि प्रत्येक वादक आपल्या पाळीत त्यांवर उपज करतो.

आणि ती मालिका म्हणजे डोरियन. आपल्या काफी थाटाचेच सूर. मधल्या ८ बारांत जणू षड्जच अर्ध्या सुराने वर सरकतो आणि परत येतो. तुम्हाला समेऐवजी ही सरकण्याची जागा सापडली की काम झालं. आधी माइल्स, मग कोल्ट्रेन, मग दुसरा सॅक्सवाला कॅननबॉल ॲडर्ली. तिघांचा स्वभाव एका ऐकण्यात कळतो.

मंद्रसप्तक

लावलं. षड्ज हलवायचा म्हणजे आमच्याकडे पातकच! पण आठ बारांनी तो खाली येतो तेव्हा बरं वाटतं हे कबूल. माइल्स फार कमी वाजवतो. असा कमी बोलणारा माणूस मला चालतो.

किलोहर्ट्झ

‘काइंड ऑफ ब्लू’चा विषय निघालाच आहे तर एक तांत्रिक भर. हा अल्बम दोन दिवसांत झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. ती जागा म्हणजे एक जुनं चर्च होतं. मार्चच्या दिवशी ज्या मशीनवर मुख्य टेप झाली ते किंचित हळू चालत होतं. परिणामी बरोबर वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी, म्हणजे ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’, जरा चढी लागतात. जगाने कितीतरी वर्षं ती तशीच ऐकली. त्या दिवशी दुसऱ्या मशीनवर राखीव टेप झाली होती, ती वापरून १९९०च्या दशकातल्या आवृत्त्यांत दुरुस्ती झाली.

तेव्हा ज्यांच्याकडे जुनी एलपी आहे त्यांनी पेटी घेऊन पहिल्या बाजूबरोबर सूर लावू नये. लागणार नाही, आणि दोष पेटीचाही नसेल.

उगाचच

म्हणजे आमच्या मामाने आयुष्यभर जे चढ्या आवाजात ऐकवलं ते खरंच चढं होतं तर.

गिरगावकर

छान चाललंय. माझी जरा जुनी भर.

आमच्या पिढीला जॅझ मिळाला तो शॉर्टवेव्हवर. व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोव्हर रात्री यायचा. खर्जातला आवाज, संथ इंग्रजी. आमच्यासारख्या मराठी शाळेतल्या पोरांनासुद्धा कळावं असं तो बोलायचा. सुरुवातीला ‘टेक द ए ट्रेन’ लागलं की वडील म्हणायचे, झालं याचं सुरू. आवाज कमी-जास्त व्हायचा, मधेच कुठलंतरी चिनी स्टेशन घुसायचं.

खरखर, तुमच्या यादीत एक घाला, कारण तीही व्हॉइस ऑफ अमेरिकेचीच टेप आहे. २९ नोव्हेंबर १९५७, कार्नेगी हॉल, पियानोवाला थेलोनियस मंक आणि कोल्ट्रेन. परदेशी प्रसारणासाठी केलेलं हे रेकॉर्डिंग वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात होतं. २००५मध्ये लॅरी ॲपलबॉम या तिथल्याच माणसाला टेपांची छाननी करताना सापडलं. मंक आणि कोल्ट्रेन एकत्र फार थोडे महिने वाजवत होते आणि त्यांचं धड ऐकू येईल असं रेकॉर्डिंग अगदीच मोजकं होतं. ‘मंक्स मूड’ ऐका. आधी नुसता पियानो आणि सॅक्स. मंकला कुठे थांबायचं ते कळतं, कोल्ट्रेनला अजून कळत नाही, आणि त्यातच सगळी मजा आहे.

१९७८चा पहिला जॅझ यात्रा महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात झाला तेव्हा मी होतो. निरंजन झवेरी आणि मंडळींनी घडवून आणलेला. अमेरिकेचा सॅक्सवाला सनी रोलिन्स आला होता! उघड्या मंचावर, मुंबईत. आता तिथे शांतता क्षेत्र आहे. त्याच गल्लीतून जाताना पोरांना सांगतो तर विश्वास ठेवत नाहीत.

पारू लंडनकर

गिरगावकरकाका, हेवा वाटतो. मी मात्र उलटीकडून आले. इथे दक्षिण लंडनमध्ये माझ्या वयाची मुलं जॅझ ऐकायला उभ्याने गर्दी करतात आणि नाचतात. नुबिया गार्सियाचा ‘सोर्स’ (२०२०) माझा पहिला. सॅक्सोफोनखाली रेगे आणि कॅरिबियन चालीचा ठेका आहे, कारण तिच्या घरची मुळं कॅरिबियनकडची. एझ्रा कलेक्टिव्ह या लंडनच्या बँडला २०२३मध्ये ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक मिळालं, जॅझवाल्यांत पहिल्यांदाच.

आणि एक वाट सुचवते. १९६५, सिॲटल, कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’चं क्लबमधलं वादन. स्टुडिओत जे तेहेतीस मिनिटांत संपतं ते इथे सव्वा तास चालतं. जो ब्राझिल या सॅक्सोफोनवाल्या मित्राने केलेली ही टेप २०२१मध्ये आली. त्यात एक तरुण सॅक्सोफोनवर अक्षरशः ओरडतो, तो फॅरो सँडर्स. मग १९७१चा ॲलिस कोल्ट्रेनचा ‘जर्नी इन सच्चिदानंद’ लावा. नवरा जॉन गेल्यावर ॲलिस स्वामी सच्चिदानंदांच्या सहवासात होती. खाली तानपुरा चालू, वर तिची हार्प, आणि तोच सँडर्स आता सोप्रानो सॅक्सवर किती मऊ! मग २०२१चा ‘प्रॉमिसेस’. सँडर्स ऐंशीचा, सोबत फ्लोटिंग पॉइंट्स हा इलेक्ट्रॉनिक संगीतवाला आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा. सात सुरांची एकच खूण सुमारे पाऊण तास फिरत राहते आणि म्हातारा मधे मधे अगदी थोडं बोलतो. २०२२मध्ये तो गेला. एका माणसाचा आवाज असा क्रमाने ऐकला की वेगळीच ओळख होते.

मंद्रसप्तक

पारूताई, तानपुरा आहे म्हटल्यावर तो ॲलिसबाईंचा लावला. आता कळलं, हे शेवटी आपलंच. कोल्ट्रेनने मुलाचं नाव रविशंकरांवरून ठेवलं, ‘इंडिया’ नावाची रचना केली. मुळात उपज, आलाप हे सगळं आपल्याकडे शेकडो वर्षं…

पारू लंडनकर

काका, रागवू नका, पण इथे जरा थांबते.

कोल्ट्रेनला रविशंकरांबद्दल फार आदर होता हे खरं. पण म्हणून हे ‘आपलंच’ होत नाही. ‘अलाबामा’ ऐका, १९६३. बर्मिंगहॅममध्ये चर्चमध्ये बॉम्बस्फोट घडवला, चार लहान काळ्या मुली मेल्या, त्यानंतर दोन महिन्यांनी वाजवलेलं. सुरुवात आलापासारखी लागते, आणि तरी तो आलाप नाही. बेसवादक चार्ल्स मिंगसचं ‘फेबल्स ऑफ फॉबस’ घ्या. लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना शिरू न देणाऱ्या गव्हर्नरची त्यात टर उडवलीय. १९५९मध्ये कोलंबियाच्या अल्बमवर ते शब्दांशिवाय आलं आणि शब्दांसकट यायला १९६० साल आणि दुसरी, छोटी कंपनी लागली. एकाच रचनेची ही दोन रेकॉर्डिंगं शेजारी ठेवून ऐकली की संगीत कुणाचं आणि कशासाठी हा प्रश्न आपोआप मिटतो.

काफी थाट कान लावायला उपयोगी आहेच. पण मालकी सांगायला नको.

खरखर

+१. पारू, नेमकं.

मंद्रसप्तक

मुद्दा मान्य. ‘अलाबामा’ रात्री ऐकलं, त्यावर लिहिणार नाही. तरी एक विचारतोच. जे वादकाने स्वतः काढलं नाही ते मेल्यावर काढावं का? आमच्या केसरबाई केरकरांनी आयुष्यभर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत हात आखडता ठेवला. मैफलीत कुणी चोरून टेप केली तर त्यांना ते खपलं नसतं. आज त्या टेपा निघाल्या तर मी ऐकेन, पण बाईंना काय वाटलं असतं हे मनात येणारच.

किलोहर्ट्झ

माझं मत रोखठोक आहे. कोल्ट्रेनची सहा मार्चची टेप स्टुडिओतली आहे. वादकाला माहीत होतं की आपण रेकॉर्ड होतोय, तेव्हा ती काढायला हरकत नाही. क्लबातल्या टेपांचा प्रश्न अवघड. पण व्हिलेज गेटसारखी टेप नसती तर डॉल्फीबरोबरचा तो काळ आपल्याला फारच थोडा कळला असता. डॉल्फी १९६४मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला. मी ऐकण्याच्या बाजूने. मात्र कंपन्या त्याच त्या टेपा ‘अप्रकाशित’ म्हणून रंगीत तबकडीवर दुप्पट दराने विकतात, त्याला माझा विरोध. एका ऑनलाइन दुकानाने मला अशीच एक गळ्यात मारली. ती मूळ टेपेवरून नाही, सीडीवरून कापलेली निघाली.

म्हापशेकार

नमस्कार मंडळी. केसरबाई आमच्या केरीच्या, म्हणून आलो.

अवांतर : १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी पाठवली, तीत केसरबाईंचं ‘जात कहाँ हो’ आहे आणि लुई आर्मस्ट्राँगचं ‘मेलँकली ब्लूज’पण आहे. तेव्हा दोन्ही पार्ट्यांनी भांडू नये, सामान एकाच गाडीत गेलंय.

आता मुद्द्याचं. तुम्ही सगळे न्यूयॉर्कच्या टेपा मोजताय, मुंबईच्या कुठे आहेत? १९३५मध्ये अमेरिकेचा लिऑन ॲबी बँड घेऊन ताज हॉटेलात आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. त्यांच्याबरोबर, त्यांच्याकडून आमचे गोंयकार शिकले. पोर्तुगीज काळात गावोगाव चर्चच्या शाळेत पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. म्हणून हातात कागद दिला की ते लगेच वाजवत. अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, मिकी कोरिया… किती रात्री वाजवलं असेल! टेप नाही. थोड्या ७८च्या तबकड्या, बस्स. टेप मशीन तेव्हा कुणाकडे नव्हतं, आणि नाचणाऱ्यांसाठी वाजवणाऱ्यांचं कोण जपून ठेवतो? मग मुंबई राज्यात १९५०मध्ये दारूबंदी कडक झाली, हॉटेलांच्या रात्री आटल्या आणि आमची माणसं सिनेमाच्या स्टुडिओत गेली.

म्हणून मुंबईचा जॅझ ऐकायचा तर तिथेच ऐका. सी. रामचंद्र, पुणतांब्याचे. ‘अलबेला’ (१९५१) मधलं ‘शोला जो भडके’. चिक चॉकलेटचा बँड याच सिनेमात पडद्यावरही दिसतो. डोळे मिटून नुसते ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, ऐका.

गिरगावकर

अगदी. ‘अलबेला’ मी शाळेत असताना पुन्हा लागला तेव्हा चौपाटीजवळच्या थिएटरात पब्लिक पडद्यासमोर नाचत होतं, पैसे उडवत होतं. बँडकडे बघायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही.

म्हापशेकार

आणि एक नाव लिहून घ्या : अमान्सियो डिसिल्वा. मुंबईत जन्मलेला गोंयकार गिटारवाला, साठच्या दशकात लंडनला गेला. ‘इंटिग्रेशन’ हा १९६९चा अल्बम, सोबत डॉन रेंडेल आणि इयन कार हे ब्रिटिश जॅझवाले. त्याच वर्षी जो हॅरियट या जमैकन सॅक्सवाल्याबरोबर ‘हम दोनो’. १९७२मध्ये त्याने आणखी एक रेकॉर्ड केला, तो पडून राहिला आणि २००६मध्ये निघाला. नाव काय, तर ‘कोंकण डान्स’! पारूबाय, लंडनचा जॅझ नुबियाच्या आधी कुणी भेसळ केला ते बघा. सतार, तबला घालून भारतीयपण दाखवणारे त्या काळी ढिगाने होते. ‘इंटिग्रेशन’मध्ये हा नुसत्या गिटारच्या ओळीत ते आणतो.

कोंकणी गायिका लॉर्ना आणि संगीतकार क्रिस पेरी ऐकल्याबगर हा धागा बंद करू नये. कोंकणी न कळलं तरी चालतं.

पारू लंडनकर

‘कोंकण डान्स’ ऐकला. म्हापशेकार, देव बरें करूं. मी इतकी वर्षं इथे राहून मला हे नाव कुणी सांगितलं नव्हतं. ‘हम दोनो’मध्ये हॅरियट आणि गिटार एकच धून बरोबर वाजवून मग फुटतात, ते तीनदा मागे नेलं.

उगाचच

मी जॅझ ऐकत नाही. पण ‘शोला जो भडके’चे ब्रास डोळे मिटून ऐकले आणि आता ऑफिसात पाय हलतोय. हे कुणाकुणाच्या नावावर लिहायचं?

नव्यांत काहीतरी सोपं सांगा. सव्वा तास ओरडणारं नको.

खरखर

उगाचच, ‘गुड होप’, २०१९. डेव्ह हॉलंडचा बेस, क्रिस पॉटरचा सॅक्स, झाकीरभाईंचा तबला. पियानो नाही, गिटार नाही, त्यामुळे तिघेही स्वच्छ ऐकू येतात. झाकीरभाई तिथे ठेका धरत नाहीत, बायाँवरून बेसशी बोलतात. ते गेल्यावर, डिसेंबर २०२४मध्ये, सगळ्यांनी त्यांचा जुना बँड ‘शक्ती’ लावला. मी हा लावला.

त्याच्या आधीचा ‘संगम’ही (२००६), चार्ल्स लॉइडबरोबरचा. तो मंद्रसप्तककाकांना जास्त आवडेल.

म्हापशेकार

खरखर, किलोहर्ट्झ, एक विचारायचं राहिलं. आमच्या घरी वरच्या माळ्यावर आजोबांच्या भावाचं खोकं आहे. ते मुंबईत हॉटेलांच्या बँडात ट्रम्पेट वाजवत, नंतर फिल्म स्टुडिओत. आत उघड्या रीळच्या टेपा आहेत, काहींवर पेन्सिलने साल लिहिलंय, साठचं दशक दिसतं. शेजारचा मुलगा म्हणतो त्याच्याकडे चालू मशीन आहे, लावून बघूया. लावू?

किलोहर्ट्झ

थांबा!! लावू नका.

आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर टेपेचा पाया ॲसिटेटचा आहे आणि तो कुजायला लागलाय. अशी टेप ताणली की तुटते. वास नसला तरी रीळ उजेडासमोर धरा. गुंडाळलेल्या टेपेतून उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, नाही दिसला तर बहुधा पॉलिएस्टर. पॉलिएस्टर तुटत नाही, ताणला जातो, ते तर आणखी वाईट, कारण तुटलेली टेप नीट जोडता येते, ताणलेली नाही. पांढरी बुरशी असेल (गोव्याच्या पावसात असणारच) तर घरात झटकू नका, फुफ्फुसाला वाईट. मशीनवर भरकन मागे-पुढे पळवणं तर अजिबात नको.

खोक्यांवर वेग लिहिलाय का बघा, सेकंदाला साडेसात इंच की पावणेचार. आणि खोक्यांचे, आतल्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवा. सगळ्यात आधी शाई उडते, आणि वाजवणाऱ्यांची नावं तिथेच असतात.

म्हापशेकार

मशीनवाल्याला परत पाठवला. वास आंबट नाही, जुन्या पेटाऱ्यासारखा आहे. दोन रिळांतून उजेड दिसतो, बाकीच्यांतून नाही. एका खोक्यावर साडेसात लिहिलंय आणि खाली ‘बॉलरूम, दुसरा सेट’. पहिला सेट कुठे गेला देव जाणे. फोटो उद्या टाकतो, अक्षर कुणाला लागतं का बघा.

गिरगावकर

टाका टाका. आणि चिठ्ठीत ड्रमवाल्याचं नाव असेल तर आधी ते टाका, मी त्यांतल्या दोघा-तिघांना बघितलेलं आहे.